कागद नसलेलं नातं: बेळगाव सीमाभागातल्या जोडप्यांनी काय करायचं

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातलं एक जोडपं माझ्या घरी आलं. बाहेर झड लागलेली. तिनं छत्री कोपऱ्यात उभी केली, पदराआडची प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातला लॅमिनेशन केलेला कागद माझ्यापुढं ठेवला. शंभराचा बाँड. कन्नडमध्ये टाइप केलेल्या दहा-बारा ओळी, दोघांचे पासपोर्ट फोटो, खाली नोटरीचा लाल शिक्का.

"आक्का, आमचं लगीन रजिस्टर झालंय की. ह्यो बघा."

सहा वर्षं ती दोघं एकत्र राहतात. तो उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या कार्डावर तिचं नाव घालायला गेले, तर कागद परत आला. का परत आला, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. कागदावर एवढंच होतं, की आम्ही आजपासून राजीखुशीनं पती-पत्नी म्हणून राहणार आहोत. नोटरीनं फक्त सही आपल्यासमोर झाली एवढी साक्ष दिली होती. नोटरी लग्न लावत नाही, लग्नाची नोंदही करत नाही. हे तिला मला सांगावं लागलं. ती बराच वेळ त्या लाल शिक्क्यावरून बोट फिरवत बसली.

मी वकील नाही. विधी सेवा प्राधिकरणाची पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून काम करते. लोकांना योग्य दारापर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच आमचं काम. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी ह्या पट्ट्यात असे कागद घेऊन येणारी माणसं इतकी भेटतात, की एकदा सगळं ओळीनं लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी एक गैरसमज

"पाच वर्षं एकत्र राहिलं की कायद्यानं नवरा-बायको." कुणी पाच म्हणतं, कुणी सात, कुणी बारा. असला कुठलाच आकडा आपल्या कायद्यात नाही. ही कल्पना बाहेरून आली आहे. अमेरिकेत टेक्सास, कोलोरॅडो अशा काही राज्यांत परवाना आणि समारंभ न करता जुळलेलं लग्नही कायदा मानतो, त्याला तिकडं कॉमन लॉ मॅरेज म्हणतात. तिथंही वर्षं मोजत नाहीत. दोघांनी आपण नवरा-बायको आहोत असं ठरवलं का आणि चारचौघांत तसेच वागले का, हे बघतात. इंग्लंडनं तर १७५३ सालच्या कायद्यानं ती वाट बंद केली.

आपल्याकडं आहे ते वेगळं. दोघं दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिली, समाजानं तसं मानलं, तर कोर्ट त्यांचं लग्न झालेलंच असणार असं गृहीत धरू शकतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११४ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११९. पण हे गृहीतक खोडता येतं, आणि ते बहुतेक वेळा उपयोगी पडतं ते एकजण गेल्यावर, वारसाच्या भांडणात. त्याच्या भरवशावर आज संसार मांडणं म्हणजे पुढची कोर्टाची तारीख आजच पत्करणं.

दुसरं टोक असं, की लोक सोबत राहण्यालाच गुन्हा समजतात. तो गुन्हा नाही. दोन सज्ञान माणसं लग्नाशिवाय एकत्र राहू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली स्पष्ट सांगितलं आहे. आणि अशा राहण्याची कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात कुठं नोंदणीही करावी लागत नाही. उत्तराखंडात २०२५ पासून तशी सक्ती आहे, ती तिथली. बेळगावात कुणी "लिव्ह-इन रजिस्टर करून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

पहिली पायरी: वय बघा, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचा फरक ओळखा

एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्सकार्ड किंवा जन्मदाखला समोर ठेवा. तोंडी वय धरू नका.

मुलगी १८ च्या आत असेल तर पुढचं काही वाचू नका, थांबा. तिची संमती कायदा मानत नाही, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागतो, आणि "आम्ही लग्न केलंय" हे उत्तर चालत नाही.

मुलीला १८ झालीत, पण मुलगा २१ चा नाही, अशी जोडपी आपल्याकडं पुष्कळ. समजा मुलगा २०, मुलगी १९. कोल्हापूर जिल्ह्यात असं लग्न झालं तर ते बालविवाहच ठरतं, पण आपोआप रद्द होत नाही. जो अल्पवयीन होता त्यानं कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं. कर्नाटकानं २०१६ साली बालविवाह कायद्यात दुरुस्ती केली आणि इथं असं लग्न मुळातच नाही असं ठरवलं. म्हणजे कागलात झालेलं आणि निपाणीत झालेलं, अंतर फारसं नाही, पण कायद्याच्या डोळ्यांत दोन वेगळ्या गोष्टी. अशा जोडप्याला एकत्र राहायला मात्र बंदी नाही. मुलगा २१ चा नसला तरी दोघं सज्ञान असतील तर ती सोबत राहू शकतात, असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात म्हटलं. मी अशा मुलांना सांगते: घाईनं अक्षता टाकून घेऊ नका. टाकल्या तर लग्न तर मिळत नाहीच, उलट लावून देणाऱ्या आई-बापांवर आणि भटजीवर गुन्हा येतो.

दुसरी पायरी: आधीचं लग्न खरंच संपलंय का?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथं.

आपल्या भागात काडीमोड अजून चालतो. पंच बसतात, दोन्हीकडचे चार लोक बोलतात, एका कागदावर "आजपासून संबंध नाही" लिहून अंगठे उठवतात, दिलेलं-घेतलेलं परत होतं. मग बाई दुसऱ्याशी पाट लावते किंवा नुसतीच राहायला जाते. गावाच्या लेखी सगळं रीतीनं झालेलं असतं. हिंदू विवाह कायद्यानंही रूढीनं मिळणारा घटस्फोट पूर्ण मोडीत काढलेला नाही, कलम २९(२) मध्ये त्याला जागा ठेवली आहे. पण अट अशी, की तुमच्या जातीत ती रूढ जुनी आहे, सतत चालत आलेली आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. कर्नाटकातूनच वर गेलेल्या एका प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: नुसता सोडचिठ्ठीचा कागद दाखवून भागत नाही, रूढ आधी मांडा आणि शाबीत करा. पंचांतले म्हातारे गेले, की शाबीत कोण करणार?

म्हणून पंचांचा कागद असला तरी कोर्टाचा हुकूमनामा घ्या. दोघंही राजी असतील आणि वर्षभर वेगळी राहत असतील, तर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज होतो. मधली सहा महिन्यांची मुदत कोर्ट योग्य कारण असेल तर माफही करतं.

हे न करता राहिलं तर काय होतं? पहिलं लग्न जिवंत असताना हिंदू विवाह कायद्याखाली दुसरं लग्न होतच नाही, मग ते कितीही थाटात लागलेलं असो. मघाशी सांगितलेलं गृहीतकही मदतीला येत नाही. आणि बाईचं संरक्षण फार पातळ होतं. बेंगळुरूचंच एक प्रकरण आहे, २०१३ सालचं, इंद्रा शर्मा निकाल म्हणून वकील ओळखतात. बाई विवाहित माणसाबरोबर कित्येक वर्षं राहिली. तो विवाहित आहे हे तिला माहीत होतं. त्यानं सोडल्यावर ती घरगुती हिंसाचार कायद्याखाली कोर्टात गेली. मॅजिस्ट्रेटनं महिना अठरा हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं ते काढून घेतले आणि सर्वोच्च न्यायालयानंही ते नातं विवाहासारखं मानलं नाही. इतकी वर्षं घर सांभाळलेली बाई रिकाम्या हातानं परतली. मला हा निकाल आजही बोचतो, पण तो आहे, आणि कुणाच्या भरवशावर घर सोडण्याआधी प्रत्येकीनं तो माहीत करून घ्यावा.

फसवून केलं असेल तर गोष्ट निराळी. पहिलं लग्न लपवून एखाद्यानं दुसरं केलं, तर त्या बाईला पोटगी मागता येते, असं त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात ठरलं. शिवाय लपवणाऱ्यावर फौजदारी होऊ शकते.

सौंदत्तीच्या डोंगराशी जोडलेल्या बायांबद्दल, म्हणजे देवदासींबद्दलही इथंच सांगते. झुलवा लावून, म्हणजे लग्नाशिवायच जोडून मिळालेला माणूस कायद्यानं नवरा होत नाही. देवाला सोडणं कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद झालं. पण जिला सोडलं होतं तिनं पुढं रीतसर लग्न केलं, तर ते लग्न पक्कं असतं. "तुला लग्नाचा हक्क नाही" असं तिला कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

तिसरी पायरी: लग्न करता येत असेल तर करून टाका

दोघंही मोकळी आहेत, वय बसतं, आणि लग्न करायला हरकत नाही, तर बाँड-बिंड करत बसू नका.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन, शीख ह्यांपैकी असाल, जात वेगळी असली तरी, हिंदू विवाह कायदा लागतो. लिंगायत आणि वीरशैव ही नावं तर त्या कायद्यात शब्दशः लिहिलेली आहेत. त्यामुळं मराठा मुलगी आणि लिंगायत मुलगा, किंवा चिक्कोडीकडचा जैन मुलगा आणि धनगराची मुलगी, ह्यांना वेगळा कायदा शोधावा लागत नाही. पण विधी झाला पाहिजे. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे जे काही लग्न लावण्यासाठी करतात ते, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सात पावलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं फार स्वच्छ सांगितलं: विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर लग्न होत नाही. म्हणून विधीचे फोटो, पत्रिका, भटजींचं किंवा स्वामींचं नाव जपून ठेवा. मग लग्न जिथं लागलं किंवा तुम्ही जिथं राहता तिथल्या सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नोंद करा. कावेरी २.० ह्या सरकारी पोर्टलवरूनही आता अर्ज करता येतो.

आळंदीला जाऊन लग्न करून येणारी मुलं बेळगावात काही कमी नाहीत. त्यात वावगं काही नाही, विधी तिथं होतो. पण कार्यालयातून हातात मिळणारा रंगीत दाखला म्हणजे सरकारी नोंद नव्हे. नोंद महाराष्ट्रात झाली तरी ती कर्नाटकात चालते, फक्त ती झाली पाहिजे.

धर्म वेगळे असतील, किंवा विधी नकोच असेल, तर विशेष विवाह कायदा. धर्म बदलायची गरज नाही. दोघांपैकी एकानं जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं, मग नोटीस द्यायची, नोटीस ३० दिवस बोर्डावर लागते, कुणाची कायदेशीर हरकत नसेल तर तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न उरकायचं, नाहीतर पुन्हा नोटीस. सीमाभागातल्यांनी एक लक्षात ठेवा: तुम्ही बेळगावात तात्पुरते राहत असाल आणि कायमचा पत्ता गडहिंग्लजचा असेल, तर नोटिशीची प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडंही जाते आणि तिकडच्या बोर्डावर लागते. घरी कळू नये म्हणून इकडं आलेल्यांना हे शेवटच्या क्षणी समजतं. घरून धोका असेल तर आधी पुढचा भाग वाचा.

मुस्लिम आणि ख्रिस्ती जोडप्यांचे आपापले कायदे आहेत. निकाहनामा किंवा चर्चची नोंद हातात ठेवा, बाकी मुद्दे बरेचसे सारखेच.

घरून विरोध असेल तर

मुलगी घरातून गेली की पहिल्यांदा "मिसिंग"ची तक्रार होते. पोलीस फोन करतात, ठाण्यात या म्हणतात, आणि ठाण्याच्या दारात दोन्हीकडचे लोक उभे असतात. ह्या भीतीनंच मुलं फोन बंद करतात, आणि तिथंच चुकतं. फोन बंद करू नका.

दोघांच्या सहीचं निवेदन करा: आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीनं सोबत आहोत, कुणी पळवलेलं नाही, आमच्या आणि दोन्ही घरच्यांच्या जिवाला धोका आहे. सोबत वयाचे दाखले. हे दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांना आणि वरिष्ठांना रजिस्टर पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. बेळगाव शहरात पोलीस आयुक्त, बाहेर जिल्ह्याचे एसपी. मुलगा कर्नाटकातला आणि मुलगी महाराष्ट्रातली असेल तर दोन्ही राज्यांत पाठवा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. मुरगोड पोलीस ठाण्यात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका सज्ञान मुलीच्या बेपत्ता होण्याचा गुन्हा नोंदला गेला. तिनं लग्न केल्याचं पोलिसांना कळवलं होतं, तरी तपास अधिकारी तिनं मुरगोडला येऊनच जबाब द्यावा म्हणून अडून बसले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ८ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयानं गुन्हा रद्द केला, अधिकाऱ्याच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले, आणि असली प्रकरणं कशी हाताळायची ह्याच्या सूचना पोलिसांसाठी तयार करायला सांगितल्या. दोन सज्ञान माणसांनी ठरवल्यावर घरच्यांची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, हे त्यात साफ लिहिलं आहे. वकिलाला "मुरगोडचा निकाल" म्हणून सांगा, त्यांना सापडेल.

आणि मागं राहिलेल्यांना विसरू नका. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या होसवंटमुरी गावात मुलगा मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून विवस्त्र केलं, धिंड काढली, खांबाला बांधलं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ती दोघं सुखरूप होती, सोसलं आईनं. ही बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक जोडप्याला विचारते: तुमच्या आईला कुठं ठेवलंय? निवेदनात मुलाच्या घरच्यांसाठीही संरक्षण मागा, आणि निघायच्या आधी त्यांना चार दिवस पाहुण्यांकडं पाठवा. तातडीला ११२. उच्च न्यायालयात जावं लागलं तर बेळगावसाठी धारवाडचं खंडपीठ, बिदर-भालकीकडच्यांसाठी कलबुर्गीचं.

लग्न करायचं नसेल, किंवा करता येत नसेल

मग तुमच्यासाठी कायदा आपोआप फार थोडं करतो. बाकीचं तुम्ही कागदानं उभं करायचं.

भाड्याचा करार दोघांच्या नावावर करा. घरमालक मॅरेज सर्टिफिकेट मागतात. ते मागावं असा कुठला कायदा नाही, पण देणं-न देणं त्याच्या मर्जीवर, तेव्हा खोटं सांगून घर घेऊ नका. पुढं तेच तुमच्यावर उलटतं. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ सगळीकडं खरं सांगूनही घर देणारी माणसं आहेत, थोडी पायपीट होते.

सगळ्यात महत्त्वाचं मृत्युपत्र. तुमचा जोडीदार हिंदू वारसा कायद्यानं तुमचा कुणीच नाही. पुरुष गेला तर आई, मुलं, बायको ह्यांच्याकडं जातं. सोबत राहणारी ह्यात बसत नाही. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांनी सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडं करून घ्या. ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नका. स्वकष्टाचं आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सा एवढंच देता येतं. मुस्लिमांना साधारणपणे एक तृतीयांशाचीच मर्यादा आहे.

नॉमिनी केलं म्हणजे झालं, असं समजू नका. बँकेतला नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक वारसच राहतात. विम्यात २०१५ पासून आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, पण जोडीदार त्या यादीत नाही.

घर किंवा जागा घेताना दोघांनी पैसे घातले असतील तर खरेदीपत्रात दोघांची नावं घाला आणि कुणी किती घातले ते लिहा. "माझ्या नावावर लोन मिळतंय, तुझं नाव नंतर घालू" ह्या वाक्यावर मी कितीतरी बायका रडताना बघितल्यात.

आणि भाषा. बेळगावात बरेच कागद कन्नडमध्ये होतात. आपल्यापैकी पुष्कळांना बोलता येतं, वाचता येत नाही. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. सहीच्या वर "मला मराठीत वाचून दाखवले व समजले" असं स्वतःच्या हातानं लिहा. पोलिसांत किंवा कोर्टात जबाब देताना "मला मराठीतून सांगायचं आहे" म्हणायला लाजू नका. नावाचा घोळही इथलाच: महाराष्ट्राच्या कागदावर वडिलांचं नाव मध्ये, इकडच्या कागदावर नुसतं आद्याक्षर, त्यात कन्नडमधून फिरून आलेलं आडनाव बदललेलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नोटरीचा खरा उपयोग इथं आहे.

मूल असेल तर

जन्मदाखल्यासाठी आई-वडिलांचं लग्न झालेलं असण्याची अट नाही. बिनलग्नाच्या आईला बापाचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असं २०१५ साली ठरलं आहे. हिंदू कायद्यात अशा मुलाची पहिली पालक आईच. बाप नाकारत असेल तरी मुलाची पोटगी त्याच्याकडून मागता येते; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.

वारसाचं थोडं गुंतागुंतीचं. लग्न लागलं होतं पण ते रद्दबातल ठरलं, अशा जोडप्याच्या मुलांना कायदा औरस मानतो. कर्नाटकातूनच गेलेल्या रेवणसिद्धप्पा प्रकरणात १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाचा जो हिस्सा निघाला असता त्यातही ह्या मुलांचा वाटा आहे. चुलते-आजोबांच्या हिश्श्यावर मात्र नाही. पण लग्नाचा काहीच विधी झाला नसेल, तर ही सवलत लागू होत नाही. तिथं एक तर दीर्घ सहवासावरून लग्न होतं असं कोर्टाला पटवा, नाहीतर बापानं मृत्युपत्र केलेलं असू द्या. बाप हयात असताना करून घ्या.

दत्तक मात्र बिनलग्नाच्या जोडप्याला दोघांच्या नावानं घेता येत नाही.

नातं तुटलं, मारहाण झाली, घराबाहेर काढलं तर

२००५ चा घरगुती हिंसाचार कायदा फक्त लग्नाच्या बायकांसाठी नाही. "विवाहासारखं नातं" असलेली बाईही त्याखाली येते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या खुणा सांगितल्या: दोघं समाजात नवरा-बायकोसारखी वावरली, दोघांचं वय बसतं, दोघंही लग्नाला मोकळी, आणि बराच काळ स्वेच्छेनं एका घरात राहिली. नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवणं ह्यात येत नाही.

तालुक्याच्या महिला व बालविकास खात्याचं, म्हणजे सीडीपीओचं ऑफिस गाठा. संरक्षण अधिकाऱ्याचं काम तिथून चालतं. ते तुमचं म्हणणं लिहून अहवाल करतात आणि मॅजिस्ट्रेटकडं अर्ज जातो. थेट कोर्टातही जाता येतं. तुम्ही सध्या जिथं राहता तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, म्हणून निपाणीत मार खाऊन कोल्हापूरला माहेरी गेलेल्या बाईला परत निपाणीला यावं लागत नाही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. घरात राहण्याचा हक्क, खर्च, भरपाई, मारू नये असा आदेश, एवढं मिळू शकतं. घराची मालकी मिळत नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवेचा वकील फुकट मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. महिलांची हेल्पलाइन १८१.

पुरावे आजपासून जमवा

माझी एक मावशी अशीच राहिली, सव्वीस वर्षं. दोघांपैकी कुणाचंच आधी लग्न झालेलं नव्हतं. घरच्यांच्या भांडणात विधी राहून गेला तो राहूनच गेला. काका गेले आणि तेराव्यानंतर त्यांचे भाऊ उतारा घेऊन दारात आले. "ही कोण आमची?" म्हणाले. वकिलानं मावशीला विचारलं, काय आहे तुमच्याकडं? ती पत्र्याची पेटी घेऊन बसली. रेशन कार्डावर पती म्हणून काकांचं नाव. मतदार यादीत तेच. गावातल्या लग्नांच्या पत्रिका, ज्यांत व्यवस्थापक म्हणून दोघांची नावं जोडीनं छापलेली. दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी तिनं पत्नी म्हणून केलेली सही. आणि शेजारच्या आजी, ज्यांनी कोर्टात सांगितलं, की दरवर्षी संक्रांतीला मी हिच्या हातचं वाण घेतलंय, सवाशीण समजूनच. निकाल लागेपर्यंत सहा वर्षं गेली. घर राहिलं.

तेव्हा रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, गृहलक्ष्मी ह्या कर्नाटक सरकारच्या योजनेच्या अर्जातला पतीचा तपशील, जोडखातं, वीजबिल, पत्रिका, मुलांच्या शाळेचा दाखला, सगळ्याच्या प्रती एका फाइलीत ठेवा, आणि एक संच घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडं. नातं चांगलं चाललंय तेव्हाच. बिघडल्यावर पहिल्यांदा गायब होते ती ही फाइल.

खानापूरच्या त्या दोघांनी तुळशीचं लग्न झाल्यावर गावच्या रवळनाथाच्या देवळात भटजी बोलावून सप्तपदी केली, आणि पुढच्या आठवड्यात सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात सह्या. ईएसआय कार्डावर तिचं नाव आलं. तो लॅमिनेशनचा कागद फाडून टाकू का, म्हणून तिनं मला फोन केला होता. नको म्हटलं, ठेव. लग्नाचा कागद तो नव्हता, पण तुम्ही सहा वर्षांपूर्वीपासून एका घरात आहात हे त्याच्यावर तारखेसकट लिहिलंय.